लागवडीस अयोग्य

शालीकराम साहेबांनी आपल्या संशोधन केंद्राच्या आवारात नेच्याची भाजी तीनदा लावली आणि ती तीनदा मेली. पहिल्या वर्षी तिला मोकळी, भुसभुशीत, काडीकचरा वेचून काढलेली जमीन मिळाली. दुसऱ्या वर्षी त्याच जमिनीत खत वाढवले. तिसऱ्या वर्षी खताबरोबर निंदणाऱ्या बायांची संख्याही वाढवली. मेलेल्या रोपांची उंची, पानांचा रंग आणि मरणाची तारीख यांची सुबक कोष्टके करून साहेबांनी निष्कर्ष काढला, की ही वनस्पती लागवडीस अयोग्य आहे. आपणच ती लावण्यास अयोग्य असू, ही शक्यता कोष्टकात बसणारी नव्हती.

मोनाली टेंभुर्णे देवरीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. तो अहवाल तिने ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. राग आला की तिचा आवाज खाली येई आणि अक्षर सुधारे. त्या दिवशी तिने साहेबांना लिहिलेले पत्र इतके सुवाच्य होते, की कुणाही समंजस माणसाने ते पाहूनच सावध व्हावे. मजकूर थोडा होता : आपण अयोग्य ठरवलेली ही भाजी माझ्या आईने घरामागच्या सांदवाडीत तेरा वर्षांपूर्वी लावली असून पावसाळाभर आठवड्यातून दोनदा ती खुडली जाते. सोबत छायाचित्रे.

उत्तर आले, की छायाचित्रांतील वनस्पती ओलसर जागी आपोआप उगवलेली दिसते. मोनालीने आणखी दोन पत्रे लिहिली. दोन्ही उत्तरांत ‘आपोआप’ हा शब्द आपल्या जागी ठाम बसलेला होता. आपल्याकडे काही माणसांच्या हातून कधीच काही घडत नाही, त्यांच्या आसपास ते आपोआप उगवते. हे मोनालीने पुष्कळ ग्रंथांत वाचले होते. आता ते टपालाने घरपोच मिळत होते.

तंटा नुसत्या शब्दाचा नव्हता. जिल्ह्यातल्या भाज्यांची एक पुस्तिका साहेबांच्या देखरेखीखाली निघत होती. तिच्या पहिल्या भागात लागवडीच्या भाज्या आणि प्रत्येकीखाली ती पिकवणाऱ्याचे नाव व गाव होते. दुसऱ्या भागात रानातल्या भाज्या होत्या. तिथे नावाच्या जागी नुसतेच ‘आढळ : ओढ्याकाठी’. ही भाजी दुसऱ्या भागात पडली होती. म्हणजे तेरा वर्षांची मेहनत ओढ्याकाठाने केली होती. मोनालीला एकच ओळ हवी होती : पार्वताबाई देवाजी टेंभुर्णे. आईच्या नावावर घराखालच्या जागेशिवाय टीचभर जमीन नव्हती. ज्ञानाचा तर सातबाराच निघत नाही, त्यामुळे ते कुणाच्याही नावावर चढवता येते. मग निदान छापील कागदावर तरी ते नाव चढावे, असा तिचा हट्ट होता.

चौथ्या पत्रानंतर साहेब कबूल झाले. ऑगस्टातल्या एका शनिवारी छत्तीसगडच्या सीमेकडे जाताना ते वाटेत अर्धा तास थांबणार होते. पुस्तिका सोमवारी छापायला जायची होती. साल होते दोन हजार बारा.

*

या भाजीला गावात वेगळे नाव नव्हते. गोगलगायीच्या शंखासारखे वळलेले ते कोवळे कोंब नाल्याच्या खालच्या अंगाला निघत, म्हणून ती नाल्याची भाजी. खालच्या अंगाला म्हणजे, एके काळी त्यांच्या वस्तीला जिथे पाणी भरायची मुभा होती तिथे. त्यामुळे ती खाणे म्हणजे आपण कोण हे पानात वाढून दाखवणे होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर मोनालीच्या आजोबांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या, त्यांत ही भाजीही सुटली. पुढे नाल्यावर बंधारा झाला आणि भाजीनेच गाव सोडले.

नव्व्याण्णव साली तिचे वडील देवाजी सालेकसा तालुक्यात रस्त्याच्या कामावर होते. कचारगडच्या बाजूच्या एका ओहोळातून त्यांनी नेच्याचे चार गड्डे पळसाच्या पानांत बांधून आणले. म्हणाले, ‘‘उष्टं सोडलं, मेलेलं सोडलं, ते बरोबरच केलं. पन भाजीनं का केलं होतं?’’ आणि सगळ्या गावाला दिसावेत म्हणून त्यांनी ते घरापुढे, भर उन्हात, कुंपण घालून लावले. पंधरा दिवसांत तीन मेले. चौथा पार्वताबाईंनी उचलला आणि मागे सांदवाडीत नेला. तिथे दोन जांभळांची गर्द सावली होती आणि वस्तीच्या बोरिंगचे सांडलेले पाणी उताराने येऊन मुरत होते. गावाच्या दृष्टीने तो चिखल होता.

एकटा लावलेला गड्डा तिथेही कुढत होता. पार्वताबाईंनी त्याच्या वरच्या अंगाला कोचई, म्हणजे अळू, लावली. मावळतीकडून तासभर तिरपे ऊन येई, त्या बाजूला हळद लावली. मध्ये एकदा केळ लावून पाहिली. तिने सगळ्यांचे पाणी पिऊन टाकले, म्हणून तिला हाकलली. पायाशी ब्राह्मीचा हिरवा गालिचा पसरू दिला आणि जांभळाचे पान पडेल तिथे कुजू दिले. मोनाली तेव्हा शाळेत होती. आईने तिला हे शास्त्र एका दमात सांगितले होते :

‘‘हळद सासू आहे, उन्ह आलं का पदर आडवा धरते. कोचई जाऊ आहे, पानी आधी तिच्या दारात येते, मंग हिच्या. आन हे बारकं बारकं खाली पसरते ते लेकरं. घर भरलेलं असलं का हे खुश. एकटी ठेवली का रुसून मरते.’’

पुढे मोनालीने हेच पदव्युत्तर वर्गात तीनशे पानांच्या पुस्तकातून शिकले. पुस्तकाला जास्त वेळ लागला.

खुडण्याचीही रीत होती. विळा लावायचा नाही. बोटांनी वाकवायचे आणि देठ जिथे स्वतःहून मोडेल तिथेच तोडायचे. एका गड्ड्याचे दोन कोंब घ्यायचे, तिसरा उलगडू द्यायचा. उकळून पहिले पाणी फेकून द्यायचे. देवाजी गेल्यावरही ही रीत चुकली नाही. एका गड्ड्याचे साठ झाले.

*

शनिवारी सकाळी मोनाली हायवेवर बसमधून उतरली. चार दिवसांच्या पावसानंतर कालपासून लख्ख उघाड पडली होती. वस्तीच्या तोंडाशी आली आणि तिला ताज्या चुन्याचा वास आला.

रस्ता झाडलेला. घराघरापुढे सडा. बोरिंगच्या ओट्यावर पांढरे पट्टे. पार्वताबाईंच्या अंगणात बांबूचा चौकोनी मांडव उभा, त्यावर हिरव्यागार फांद्या, खाली शाळेतून आणलेल्या खुर्च्या. मांडवाची पाने जांभळाची होती. ते ओळखायला वनस्पतिशास्त्राची गरज नव्हती. मोनाली सरळ मागे गेली.

जांभळांच्या खालच्या सगळ्या फांद्या कापल्या होत्या. जमिनीवर एक पान नव्हते. खराट्याच्या रेघा तेवढ्या तिला दिसल्या. ब्राह्मी समूळ उपटलेली. हळदीचे दांडे ‘रान माजलं’ म्हणून वीतभर छाटलेले, कोचईची पिवळी पाने काढताना हिरवीही काढलेली. आणि या सगळ्याच्या मध्ये, तेरा वर्षांत प्रथमच डोक्यावर ऊन घेऊन, नेचे उभे होते. त्यांची पाने कडेने करपायला लागली होती.

‘‘जय भीम मॅडम!’’ बचत गटाच्या अध्यक्ष अनुसयाबाई मागून आल्या. केसांत चुना, चेहऱ्यावर विजय. ‘‘पाहा बरं! वीस बाया लागल्या काल. तुझी माय चैतरामच्या शेतात धान रोवाले गेली, म्हटलं येईपर्यंत करून टाकू. आता म्हना कोनी वस्ती घान आहे म्हनून!’’

मोनालीचा आवाज खाली आला. ‘‘मावशी, हे झाडायला कोणी सांगितलं?’’

‘‘सांगाले कोन पायजे? मागं तो तपासनी साहेब आला होता, आठवते? शाळेपासून इथवर आला, आन बोरिंगपाशी नाकाले रुमाल लावलन. चिखलाचा वास म्हने. मी तवाच ठरवलं. या खेपेले रुमाल खिशातच राहिला पायजे.’’

मोनालीच्या तोंडाशी आलेले वाक्य अत्यंत घोटीव होते. पण ते उच्चारण्याआधी आईचा हात तिच्या मनगटावर पडला. पार्वताबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून आल्या होत्या. अनुसयाबाई पाणी आणायला वळल्या, तेव्हा त्या हलकेच म्हणाल्या, ‘‘तिले काई म्हनू नको.’’

‘‘आई, साहेब अकराला येतील. हे बघून म्हणतील, मी सांगितलंच होतं, बागेत जगत नाही. आणि सोमवारी छापून मोकळे.’’

‘‘म्हनू दे.’’

‘‘तेरा वर्षं!’’

‘‘मुळं खाली आहेत माय. भवताल मांडलेले चुन्याचे गोटे मी उजाडताच उचलून रस्त्यावर नेऊन ठेवले, चुना पोटात गेला असता त मेली असती. बाकी येते परत.’’ मग त्यांनी वर पाहिले, कापलेल्या फांद्यांमधून उतरणाऱ्या उन्हाकडे, आणि तिथून अंगणातल्या मांडवाकडे. पाण्याचा गुंड घेऊन अनुसयाबाई परतल्या होत्या.

‘‘अनुसया, मांडव लय झाक झाला वो.’’

‘‘मंग! लग्नाच्या वाणी आहे.’’

‘‘जरा सरकवू.’’

‘‘कुठं?’’

पार्वताबाईंनी बोट दाखवले. अनुसयाबाईंनी नेच्यांच्या करपत्या कडा पाहिल्या, उपटलेल्या ब्राह्मीचा उकिरड्यावरचा ढीग पाहिला आणि सकाळपासूनचा विजय त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला.

‘‘मायवो... ते गवत नोहोतं?’’

‘‘गवत असतं त मीच काढलं असतं नं तेरा सालांत. चाल, बायायले हाक मार. आठ खांब आहेत, दोघी दोघी एका खांबाले.’’

अनुसयाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. काल जेवढ्या त्वेषाने मांडव उभारला होता तेवढ्याच त्वेषाने तो घराला वळसा घालून, खांब खांब उचलून, मागे आला. पाहुण्यांसाठी कापलेली जांभळाची सावली अर्ध्या तासात परत नेच्यांवर आली. अंगणात खुर्च्या उन्हात उरल्या.

*

साहेबांची जीप सव्वाअकराला आली. सोबत वरच्या टोलीतले चैतराम होते. वीस एकर धानाचे धनी आणि गावात कोणीही साहेब आला की त्याच्या शेजारी आपोआप उगवणारे.

‘‘अवो पार्वताबाई, साहेबाले उन्हात बसवता काऊन? मांडव त मागं दिसून राहिला!’’

‘‘साहेब घडीभर बसतील,’’ पार्वताबाई म्हणाल्या. ‘‘तिले रोजचं राहायचं आहे.’’

साहेब हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त घाई होती आणि मत होते. ‘‘देखो मॅडम,’’ ते मोनालीला म्हणाले, ‘‘तुमची मातृभक्ती मी समझतो. पण ओल आहे, सावली आहे, म्हणजे नैसर्गिक अधिवास आहे. तिथं ही येणारच. याला लागवड नाही म्हणत.’’

‘‘हौ नं साहेब,’’ चैतराम म्हणाले. ‘‘नाल्याले मायंदार होती अशी. आमच्या म्हशीबी तोंड नाई लावत.’’

‘‘तुमच्या म्हशीले शिजवून कोन देईन?’’ पार्वताबाईंनी विचारले. ‘‘तुमाले तुमची घरवाली मंदाबाई शिजवून देते, तुमी खाता. परवाच नेली तिनं. टोपलं यायचं आहे अजून.’’

बायांच्या घोळक्यातून हसू फुटले. चैतरामांना एकाएकी जीपचे चाक तपासावेसे वाटले.

मोनालीच्या पिशवीत अकरा संदर्भांची यादी, मातीच्या परीक्षणाचे तीन कागद आणि काळजीपूर्वक तयार केलेले सात मिनिटांचे निवेदन होते. ‘‘सर, आधी आपण मागे येऊन बघा,’’ ती म्हणाली आणि निवेदन सुरू करण्यासाठी योग्य जागा शोधू लागली.

ती जागा आलीच नाही. साहेब मांडवाखाली वाकून शिरले, दोन पावले चालले आणि थांबले. खाली बघत राहिले.

‘‘हे काय आहे?’’

जमिनीत एक कवेलू, छपराचे मातीचे कौल, उलटे पुरलेले होते, पन्हळीसारखे. त्याच्या पुढे दुसरे. त्याच्या पुढे तिसरे. बोरिंगच्या ओट्यापासून निघालेली कवेलूंची ओळ कोचईच्या प्रत्येक बुंध्यापाशी फुटत होती, तिथून लहान लहान फाटे नेच्यांच्या रांगांत शिरत होते. फाट्याच्या टोकाशी प्रत्येक गड्ड्याला फुटके कवेलू आडवे दिले होते, पाणी थांबून मुरावे म्हणून. रांगा सात. गड्ड्यागड्ड्यात बरोबर एक हाताचे अंतर. रांगा सरळ नव्हत्या. जांभळाच्या सावलीचा घेर जसा फिरतो तशा कमानीत वळलेल्या होत्या. कुजक्या पानांच्या आणि ब्राह्मीच्या जाड थराखाली हे सगळे झाकलेले होते. काल वीस बायांनी तो थर झाडून काढला, आणि कागदावर काढावा तसा बागेचा आराखडा उघडा पडला.

मोनाली आईकडे बघत राहिली. तिने ही बाग हजार वेळा पाहिली होती, आज सकाळी झाडलेलीही पाहिली, पण तेव्हा तिला करपलेली पानेच दिसली होती. पत्रांत तिने ‘सावली, ओलावा, सेंद्रिय थर’ असे बिनचूक शब्द लिहिले होते आणि छायाचित्रे काढताना हिरवे जास्तीत जास्त घनदाट दिसावे म्हणून गुडघे टेकले होते. साहेबांना जंगल दिसले, कारण तिने जंगलच पाठवले होते. तो थर उचलून खाली काय आहे हे बघावे, असे वनस्पतिशास्त्राच्या विदुषीला तेरा वर्षांत एकदाही वाटले नव्हते.

‘‘कवेलू कुठले?’’ साहेबांनी विचारले. आवाजातली घाई गेली होती.

‘‘घरावरचे. दोन हजार चार साली टिनं टाकली, मोना तवा शिकाले बाहेर होती, आन तिच्या बाबांनं उतरवले. म्हनत, फेकू कायले, पावसाचं पानी इतकी सालं यायनंच वाहून नेलं, यायले सवय आहे. ते लावत गेले, मी सांगत गेली.’’

‘‘अंतर कसं ठरवलं?’’

पार्वताबाईंनी वाकून कोपरापासून बोटांपर्यंतचा हात दोन गड्ड्यांमध्ये ठेवला. तो नेमका बसला.

साहेब खाली बसले. पॅन्टचे गुडघे चिखलात टेकले, याचे त्यांना भान नव्हते. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. अनुसयाबाईंनी श्वास रोखला. रुमाल बाहेर आला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कवेलूच्या जोडावर बोट फिरवत पुढे सरकले.

‘‘आमच्याकडं आम्ही रोज निंदत होतो,’’ ते जरा वेळाने म्हणाले. ते कुणाला उद्देशून होते हे कळले नाही.

‘‘म्हनून मेली,’’ पार्वताबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. रोगाचे कारण सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. अनुसयाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्या पुढे म्हणाल्या, ‘‘यायनंबी काल तेच केलं. पन यायनं एकाच दिवशी केलं, आन आज मांडवबी यायनंच आनला. तुमी तीन साल केलं.’’

*

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर पुस्तिकेची कच्ची प्रत उघडली. दुसऱ्या भागातली नोंद पेनाने आडवी छाटली आणि पहिल्या भागात कोरी जागा शोधली.

‘‘पूर्ण नाव?’’

‘‘पार्वताबाई देवाजी टेंभुर्णे.’’ त्या एकेक शब्द सुटा सुटा बोलल्या. मोनाली साहेबांच्या खांद्यावरून अक्षरे उमटताना पाहत होती. अक्षर बरे नव्हते. तिला ते जगातले सर्वांत सुंदर अक्षर वाटले, आणि हे वाटणे शास्त्रशुद्ध नाही याची तिला लाज वाटली नाही.

‘‘भाजीचं नाव लिहितो, नेचा. झालं. सही करा.’’

पार्वताबाईंनी पेन घेतले नाही. ‘‘हळद लिवली का?’’

‘‘हळदीची नोंद वेगळी आहे, बाई. पान चौदा.’’

‘‘आन कोचई? ब्राह्मी?’’

‘‘इथं एकाच पिकाचा रकाना आहे.’’

‘‘मंग नका लिवू.’’

मोनालीने पेनाकडे पाहिले. चार पत्रे, तेरा वर्षे आणि ती एक ओळ, सगळे त्या पेनाच्या टोकाशी आले होते. ‘‘आई,’’ ती दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘नाव तर लागू दे.’’

‘‘नाव लागंल माझं, आन लोकं एकटीच लावतील. उन्हात, झाडून-पुसून. मेली का म्हनतील, पार्वताबाईनं खोटं सांगतलन.’’ त्या साहेबांकडे वळल्या. ‘‘माझ्या नावाखाली मेलेली भाजी मले नाई पायजे. सोबतीनं लिवा, नाई त पहिली होती तिथंच राहू द्या. नाल्याले खोटं पडायची लाज नाई, मले आहे.’’

मोनालीने आपली अकरा संदर्भांची यादी पिशवीत आणखी खोल सारली. मग तिने आईच्या शेजारी जाऊन उभे राहणे पसंत केले, आणि तिच्या तोंडून त्या दिवसातले एकमेव शास्त्रीय विधान निघाले :

‘‘सर, त्या बरोबर सांगताहेत. नाही लिहिणार तर राहू द्या.’’

साहेबांनी दोघींकडे पाहिले. रकाना खरोखरच एका ओळीचा होता. त्यांनी प्रत आडवी फिरवली आणि समासात, वरून खाली, बारीक अक्षरांत लिहायला सुरुवात केली. ‘‘मावळतीला हळद. पुढं?’’

‘‘वरच्या अंगाले कोचई. आधी तिले पानी.’’

‘‘पुढं?’’

‘‘खाली ब्राह्मी. आन जांभळाचं पान झाडायचं नाई. हे मोठ्यानं लिवा.’’

‘‘मोठ्यानं कसं लिहू?’’

‘‘खाली रेघ मारा नं!’’ अनुसयाबाई मागून ओरडल्या.

साहेबांनी रेघ मारली. मग पार्वताबाईंनी पेन घेतले, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली आपली सही सावकाश, एकही अक्षर न गाळता केली, आणि प्रत दूर धरून ती नीट आली की नाही हे पाहिले.

जीप गेली तेव्हा चैतरामांना टोपल्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली. मांडवाखाली वीस बाया उकिरड्यावरची पाने टोपल्यांनी परत आणून कवेलूंवर पसरत होत्या, आणि कुठे किती पसरायची हे पार्वताबाई मध्ये उभ्या राहून सांगत होत्या. मोनालीने चपला काढल्या, पदर खोचला आणि एक टोपले उचलले.

‘‘एवढं जाड नाई,’’ आई म्हणाली. ‘‘दोन बोटं. कॉलेजात नुसतं शिकवते का?’’